मायनस १३ नंबर आणि ठाण्यात केलेलं आयसीएल: लेन्स झकास, काउंटर बोगस

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. आयसीएल म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायला ऑपरेशन करून डोळ्याच्या आत बसवतात ती लेन्स. त्या लेन्सला पाचपैकी पाच. डॉक्टरांना साडेचार. मोजमापं घेणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट मुलीला पाच, खरं तर सहाच द्यायला हवेत. आणि बाहेर काचेच्या केबिनमध्ये बसून पॅकेज विकणाऱ्या काउन्सेलर बाईंना दोन, त्यातला एक चहाचा. क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये, ठाणे पश्चिमेला आहे एवढं पुरे, नावं ठेवायचीयेत त्यामुळे नाव नको.

माझा नंबर उजवा मायनस ११.५ आणि डावा मायनस १३, वर दोन्हीकडे सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर. दोन-तीन नंबरवाल्यांना हे काय प्रकरण असतं ते कळत नाही म्हणून सांगते, शंभर भागिले तुमचा नंबर करा, जे उत्तर येईल तितक्या सेंटिमीटरवर चष्म्याशिवायचं स्पष्ट दिसणं संपतं. माझ्या डाव्या डोळ्याचं आठ सेंटिमीटरच्या आत संपायचं. म्हणजे सकाळी उठल्यावर चष्मा कुठे ठेवलाय ते बघायलाच चष्मा लागायचा. १.७४ इंडेक्सच्या महागड्या काचा घेतल्या तरी कडा जाडच, त्यातून गालाची कड आत सरकलेली दिसते आणि डोळे शेंगदाण्याएवढे. शाळेत ढापणी, कॉलेजात ढापणी, ऑफिसात कोणी तोंडावर म्हणत नाही इतकंच. कॉन्टॅक्ट लेन्स बरीच वर्षं लावल्या, पण ऐरोलीला आमच्या ऑफिसचा एसी असा आहे की दुपारी चारनंतर डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं, आणि डॉक्टरांनी एकदा स्पष्ट सांगितलं की आता तासांवर मर्यादा ठेवा.

लेसिक का नाही, हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला. अगदी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पण, त्यांच्या भाच्याचं "पंधरा मिनिटांत झालं". भाच्याचा नंबर चार असणार. लेसिकमध्ये कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, लेसरने घासून पातळ करतात, आणि एका नंबरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात (एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन). माझा कॉर्निया आहे ५१० मायक्रॉन. डाव्या डोळ्याला पावणेदोनशेच्या आसपास गेले असते, वरचा फ्लॅप, म्हणजे लेसरआधी उचलतात तो पापुद्रा, शंभर-एकशेदहाचा, म्हणजे खाली उरले सव्वादोनशे. खाली किमान अडीचशे तरी राहायला हवेत, बरेच डॉक्टर तीनशे धरतात. त्याच्या खाली गेलं की कॉर्निया पुढे फुगायचा धोका, आणि ते झालं की परत फिरवता येत नाही. हे गणित डॉक्टरांनी माझ्यासमोर कागदावर करून दाखवलं, त्यांना साडेचार मार्क त्याचेच.

आयसीएलमध्ये कॉर्निया घासत नाहीत. बाजूला साधारण तीन मिलिमीटरचा छेद घेतात, त्यातून गुंडाळलेली मऊ लेन्स आत सोडतात, ती आत उलगडते आणि बुबुळाचा जो रंगीत भाग असतो त्याच्या मागे आणि आपल्या नैसर्गिक लेन्सच्या पुढे बसते. नैसर्गिक लेन्स काढत नाहीत, त्यामुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनपेक्षा हे वेगळं, आमच्या आईला हे समजावताना माझा घसा बसला. "डोळ्याशी कसले खेळ करतेस, चष्म्याने काय वाईट चाललंय?" हे तिचं शेवटपर्यंत चालू होतं. तिला एकच गोष्ट पटली, की नाहीच जमलं तर लेन्स काढता येते. कॉर्निया घासला की घासला, इथे तसं नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं टाईप करतेय. जाहिरातीत, काउंटरवर, यूट्यूबवर सगळीकडे चर्चा असते लेन्स कुठल्या कंपनीची याची. लेन्स चांगल्याच आहेत हो. पण तुमच्या डोळ्याला लेन्सची साईझ बरोबर निवडली की नाही यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि त्याबद्दल कोणी विकणारा अवाक्षर काढत नाही. कारण ते पॅकेजमध्ये लिहिता येत नाही.

मी घेतली ती ईव्हो आयसीएल, स्टार सर्जिकल नावाच्या अमेरिकन कंपनीची. ती चार साईझमध्ये येते, १२.१, १२.६, १३.२ आणि १३.७ मिलिमीटर. बस्स, चारच. चपलेचे पण याहून जास्त नंबर मिळतात. ही लेन्स बुबुळामागच्या खाचेत चार कोपऱ्यांवर टेकते आणि मधे कमानीसारखी नैसर्गिक लेन्सच्या वर उभी राहते, त्या दोघींमधल्या फटीला व्हॉल्ट म्हणतात. साधारण २५० ते ७५० मायक्रॉन, म्हणजे पाव ते पाऊण मिलिमीटर व्हॉल्ट हवा असतो. लेन्स मोठी पडली तर व्हॉल्ट वाढतो, बुबुळ पुढे ढकललं जातं, डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) बाहेर जायची वाट अरुंद होते आणि प्रेशर वाढू शकतं. लहान पडली तर आतल्या लेन्सला घासू शकते आणि कमी वयात मोतीबिंदू. शिवाय माझ्यासारखी सिलिंडरवाली टोरिक लेन्स असेल तर सैल बसलेली लेन्स फिरते आणि नंबरच चुकतो. एवढं सगळं त्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकावर.

मी दोन ठिकाणी दाखवलं होतं. ठाण्याचं हे, आणि ट्रान्सहार्बर लोकल पकडून वाशीला एक, नाव तिथलंही नाही. वाशीवाल्यांनी कॉर्नियाची या कडेपासून त्या कडेपर्यंतची रुंदी मशीनवर एकदा घेतली आणि १३.२ सांगून मोकळे, ऑर्डर फॉर्म पण पुढे सरकवला. ठाण्यात पहिल्या मापाला मशीनने तेच दाखवलं. पण तिथल्या मुलीला ते आवडलं नाही. म्हणाली, "मॅम, तुमची रुंदी बरोब्बर दोन साईझच्या मधे येतेय, मी दुसऱ्या मशीनवर घेते." मग दुसऱ्यावर घेतली, मग यूबीएम केलं, ही एक प्रकारची सोनोग्राफीच, डोळ्यावर पाण्याचा कप लावून करतात, जरा विचित्र वाटतं पण दुखत नाही. यूबीएममध्ये लेन्स जिथे टेकणार त्या खाचेचं खरं अंतर दिसतं, बाहेरून घेतलेल्या रुंदीवरून तो नुसता अंदाज असतो. तिच्या मापात १२.६ आलं. मग डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी परत बोलावून परत घ्यायला लावलं, परत १२.६. मला तेव्हा वैताग आला होता, कारण मानपाड्याहून मेट्रोच्या खांबांखालच्या ट्रॅफिकमधून यायचं, कॉन्टॅक्ट लेन्स मोजमापाच्या आधी बंद ठेवायच्या असल्यामुळे तो जाड चष्मा लावून यायचं, बाहुली मोठी करणारे थेंब घालून दोन तास बसायचं आणि मग भर उन्हात रिक्षा शोधायची. पण ऑपरेशननंतर माझा व्हॉल्ट एका डोळ्यात ४५० आणि दुसऱ्यात ५२० आला. वाशीची १३.२ बसवली असती तर याहून चांगलाच वर गेला असता. त्या मुलीला सहा मार्क याचे.

त्यामुळे तुम्ही कुठेही गेलात तरी विचारा, साईझ कुठल्या मशीनवर ठरवता, यूबीएम आहे का, दोन मशीनची मापं वेगळी आली तर काय करता, आणि ऑपरेशननंतर व्हॉल्ट मोजून कागदावर देता का. उत्तर गोलमोल आलं तर चहा पिऊन निघा.

बाकी तपासण्या पण होतात, त्या पटकन सांगते. आत लेन्स बसायला जागा आहे का, म्हणजे पुढच्या कप्प्याची खोली, ती २.८ ते ३ मिलिमीटर तरी हवी. कॉर्नियाच्या आतल्या पेशी मोजतात, कारण त्या पेशी गेल्या की परत येत नाहीत, आणि त्या दरवर्षी मोजत राहाव्या लागतात. वय एकवीसच्या पुढे आणि वर्षभर नंबर स्थिर. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर थांबायला सांगतात. आणि रेटिना, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा. माझ्या उजव्या डोळ्यात कडेला पडदा विरळ झालेला निघाला, त्याला आधी लेसरने कडेकडेने डाग देऊन घेतले, मग थोडं थांबून पुढचं. त्याचे पैसे वेगळे, पॅकेजमध्ये नाहीत.

पॅकेजचं निघालंच आहे तर काउंटर. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी तीन पॅकेजेस होती, आणि कुठल्यात कुठल्या कंपनीची लेन्स आहे हे कागदावर कुठेच नाही. विचारलं तर "मॅडम, प्लॅटिनममध्ये बेस्ट आहे." बेस्ट म्हणजे कुठली? "इम्पोर्टेड." शेवटी मीच नावं घेतली तेव्हा कळलं की सिल्व्हरमध्ये आपल्याकडची आयपीसीएल आहे, वडोदऱ्याच्या केअर ग्रुपची, आणि ईव्हो ही प्लॅटिनम. गोल्डमध्ये नक्की काय हे बाईंना पण सांगता येईना. मला दोन्ही डोळ्यांचं टोरिक ईव्हो दोन लाखांच्या पुढे सांगितलं, भारतीय लेन्सचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि वर "आज बुक केलंत तर दहा टक्के." डोळ्यात घालायच्या वस्तूवर दिवाळी ऑफर! नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी चहा संपवला.

भारतीय लेन्स वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझ्या टीममधल्या एकाने तीच बसवली आणि मस्त चाललंय त्याचं. त्याचं कारण वेगळं होतं, ईव्होचं मटेरियल कोलॅमर म्हणून आहे, त्यात थोडं कोलॅजन (प्राण्यांच्या शरीरातलं एक प्रथिन) असतं आणि ते डुकरापासून घेतलेलं असतं. त्याला ते चालणार नव्हतं. आयपीसीएल ॲक्रिलिकची आहे, त्यात ही भानगड नाही. ज्यांच्या घरी हा प्रश्न येतो, मग ते जैन असोत की मुसलमान की कोणीही, त्यांना हे आधी सांगायला नको का? मी काउंटरवर विचारलं तर बाई म्हणाल्या, "नॅचरल मटेरियल आहे मॅडम." दोन मार्क मी जास्तच दिलेत.

इन्शुरन्सचा भाग नीट वाचा, इथे लोकांचे खरे पैसे जातात. काउंटरवर मला ठामपणे सांगितलं, "हे कॉस्मेटिकमध्ये येतं, मेडिक्लेम मिळत नाही." आता आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींची जी ठरलेली भाषा करून दिलीय त्यात चष्म्याच्या नंबरचं कलम आहे, कोड एक्स्क्लुजन १५, आणि त्यात साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबरवरचा उपचार वगळलाय. कमी! माझा तेरा. मी पॉलिसीचं ते पान मोबाईलवर उघडून दाखवलं.

"हो का? मग तुम्ही टीपीएला विचारून बघा," असं म्हणून बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

टीपीएने, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या मधल्या कंपनीने, आधी नाही म्हटलं, मग डॉक्टरांचं पत्र मागितलं, त्यात नंबर, कॉर्नियाची जाडी आणि लेसिक का शक्य नाही ते लिहून हवं होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी लिहून दिलं. शेवटी पूर्ण नाही पण बरीचशी रक्कम मंजूर झाली, लेन्सच्या किमतीवर त्यांनी कात्री लावली. प्रत्येकाची पॉलिसी वेगळी, ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत अटी वेगळ्या असू शकतात, वेटिंग पिरियडचं पण बघावं लागतं. पण साडेसातच्या वर नंबर असेल तर काउंटरच्या तोंडी "नाही" वर गप्प बसू नका, लेखी मागा.

टोरिक लेन्स डोळ्याच्या मापाप्रमाणे मागवावी लागते, त्यामुळे थांबावं लागतं. ऑपरेशन स्वतः अगदीच छोटं, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सुई नाही, थेंबांनीच डोळा बधिर करतात. वर झगझगीत उजेड, कोणीतरी डोळा दाबतंय असं वाटतं, थंड पाणी, आणि मग डॉक्टर म्हणतात झालं. एका डोळ्याला दहा-पंधरा मिनिटं. त्रास झाला तो नंतर. ऑपरेशन करताना आत एक जेल भरतात, ते धुऊन काढतात पण थोडं राहिलं तर प्रेशर वाढतं, म्हणून दोन-तीन तास बसवून ठेवतात आणि प्रेशर बघतात. माझं २८ निघालं, एकवीसच्या आत हवं. डोकं जड. डायमॉक्सची गोळी दिली, त्याने बोटांना मुंग्या आल्या आणि संध्याकाळपर्यंत प्रेशर खाली आलं. हे होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं असतं तर नवरा एवढा घाबरला नसता, अर्धा मार्क तिथे कापला. जिथे ऑपरेशननंतर लगेच घरी पाठवतात आणि प्रेशर दुसऱ्या दिवशी बघू म्हणतात तिथे मी तरी जाणार नाही.

एक डोळा झाला आणि दुसरा दुसऱ्या दिवशी, तो मधला वेळ अतिविचित्र. एक डोळा लख्ख, दुसरा साडेअकरावर. चष्म्याची एक काच काढून लावून बघितला तर गरगरायला लागलं, कारण एका डोळ्याला वस्तू मोठी आणि दुसऱ्याला लहान. चष्मा काढून एक डोळा मिटून बसणं हाच उपाय.

आणि मग दिसायला लागलं. पंखा. घड्याळ. तीन हात नाक्यावर लांबून येणाऱ्या बसचा नंबर. जाड मायनस काचेतून सगळं लहान दिसतं हे पुस्तकात वाचलं होतं पण स्वतःचे हात एवढे मोठे आहेत हे बघून मी हसत सुटले. टीव्ही पण मोठा वाटायला लागला. चष्म्याने मला तक्त्यावरची शेवटची ओळ कधीच वाचता आली नव्हती, आता येते, डॉक्टर म्हणाले एवढ्या मोठ्या नंबरवाल्यांना हा बोनस बऱ्याचदा मिळतो. डोळे कोरडे पडणं लेसिकच्या मानाने कमी. पण सुरुवातीला जवळचं वाचताना डोळे दमायचे, मोबाईल लांब धरावासा वाटायचा, कारण जाड चष्म्यात जवळचं बघायला डोळ्याला कमी जोर लावावा लागायचा आणि आता पूर्ण लावावा लागतो. हळूहळू गेलं ते. आठवडाभर डोक्यावरून अंघोळ बंद, डोळे चोळायचे नाहीत, थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं, रात्री प्लॅस्टिकची वाटी डोळ्यावर चिकटवून झोपायचं.

रात्रीची वलयं आहेत, ती लपवत नाही. ईव्होच्या बरोबर मधे ०.३६ मिलिमीटरचं भोक असतं, डोळ्यातलं पाणी त्यातून वाहतं राहावं म्हणून. आधीच्या मॉडेलना हे नव्हतं, तेव्हा ऑपरेशनच्या आधी बुबुळालाच लेसरने भोकं पाडावी लागायची आणि मोतीबिंदूची तक्रार पण जास्त होती. भोकवाली लेन्स युरोपात २०११ पासून आहे, अमेरिकेत एफडीएची परवानगी मार्च २०२२ मध्ये मिळाली. सोय मोठी, पण त्या भोकाच्या कडेवरून प्रकाश फाकतो आणि दिव्याभोवती गोल रिंग दिसते. शिवाय नंबर जास्त असला की लेन्सचा मधला कामाचा भाग लहान येतो, अंधारात बाहुली त्याच्यापेक्षा मोठी झाली की अजून भर. पाम बीच रोडवर रात्री पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रत्येक हेडलाईटला अंगठी घातलेली. आता दिसते पण लक्ष जात नाही. तुमचं काम रात्रीच्या ड्रायव्हिंगचं असेल तर मात्र अंधारात बाहुली किती मोठी होते ते मोजून घ्या आणि डॉक्टरांशी खरंच बोला.

अजून एक, आणि हे काउंटरवर कोणीच सांगत नाही. नंबर गेला म्हणजे डोळा नॉर्मल झाला नाही. जास्त मायनसवाल्यांचा डोळा लांबीला जास्त असतो, साधारण २४ मिलिमीटरच्या जागी २६ च्या पुढे, आणि लेन्स बसवून तो आखूड होत नाही. मागचा पडदा ताणलेला तो ताणलेलाच. त्यामुळे अचानक विजेसारखे झटके दिसले, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी रेटिनावाल्याकडे पळायचं, आणि एरवी पण वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा. चाळिशीचा वाचायचा चष्मा लागणारच. पुढे मोतीबिंदू झाला तर ही लेन्स काढून नेहमीचं ऑपरेशन होतं. लेन्सचं कार्ड देतात, त्यावर पॉवर, साईझ, सिरीयल नंबर सगळं असतं, ते मी आधार कार्डाच्या फाईलला लावलंय आणि फोटो नवऱ्याकडे पण.

पाच-सहा नंबर असेल आणि कॉर्निया जाड असेल तर एवढा खर्च करायची गरज आहे का हे नीट विचारा, लेसिक किंवा स्माईलमध्ये (तो पण लेसरचाच प्रकार) काम होत असेल तर ते स्वस्त पडतं. आठ-नऊच्या पुढे मी तरी डोळे मिटून हेच सांगेन.

जाणार असाल तर शनिवारी जाऊ नका, मोतीबिंदूच्या आजी-आजोबांची तुफान गर्दी असते आणि यूबीएम करणारी मुलगी शनिवारी नसते. आधी फोन करून ती कधी आहे विचारा, सोबत कोणीतरी न्या आणि गाडी घरी ठेवा, नौपाड्यात पार्किंग मिळत नाही आणि थेंब घातल्यावर चालवता तर येतच नाही.